मानकऱ्याची मांडी

फागातोआ, तुतुइला
१२ फेब्रुवारी २०२३

लाफाएले,

हे पत्र फाडायचं असेल तर वाचून मग फाड. निदान काय फाडलं ते तरी तुला कळेल. फोन तू उचलत नाहीस. माझा दोन वर्षांत नाही, तुझ्या थोरल्या भावाचा, पेनीचा, तर नऊ वर्षांत नाही. म्हणून टपाल. टकोमाच्या पोस्टमनशी तुझं अजून भांडण झालेलं नसावं अशी आशा आहे.

मी विनंती करायला लिहीत नाही. आपल्या बेटावर थोरली बहीण भावांना विनंती करत नाही, सांगते. आणि भाऊ ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात. तिकडच्या थंडीत एवढं विसरला असशील तर आईचं नाव घेऊन आठवण करून देते.

गोष्ट अशी आहे. पेनीच्या पाठीचा अर्ज सरकारने नाकारला. माजी सैनिकाचं दुखणं नोकरीतलं ठरलं तर उपचाराचा भार सरकार उचलतं, हे तुला मी सांगायला नको. पेनीच्या मणक्यात नस दबली आहे. शस्त्रक्रिया होनोलुलूला करावी लागेल आणि लवकर करावी लागेल. कचेरीचं म्हणणं, हे दुखणं इराकमधलं नव्हेच. कारणं दोन दिली आहेत. एक, त्या वर्षीच्या लष्करी दवाखान्याच्या कागदांत पाठीचा उल्लेख कुठेच नाही. दोन, पेनीने तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना स्वतःच सांगितलं की गावच्या बैठकीत तो सकाळभर जमिनीवर मांडी घालून बसतो. मग पाठीला झालंय काय?

दुसऱ्या कारणाचं मी बघते. पहिलं तुझ्याकडे आहे.

कागदांत उल्लेख येणार कुठून? आपल्या तुकडीतलं एक तरी पोर त्या दवाखान्यात गेलं का? ट्रक खड्ड्यात गेला, पेनी मागच्या फळीवरून उलटा फेकला गेला आणि दगडावर पाठीवर पडला, तेव्हा तू त्याच्या शेजारी होतास. संध्याकाळी तो डॉक्टरकडे गेला नाही. तुझ्या तंबूत पालथा पडला. आईने तुला शिकवलेलं फोफो, आपलं अंग चोळायचं औषध, मी इथून पाठवलेलं खोबरेल आणि तुझे अंगठे. ते वर्ष सरेपर्यंत रोज संध्याकाळी तू त्याची पाठ चोळलीस. अर्धी तुकडी तुझ्याकडे चोळून घ्यायला यायची, हे मला तूच फोनवर हसत सांगायचास. तेव्हा फोन करायचास.

म्हणजे त्या वर्षीचा पेनीचा डॉक्टर तू. बाकी कोणी नाही. काय पाहिलंस, बोटांना काय लागलं, ते शपथेवर लिहून दे. सुनिया, म्हणजे टाफुनाच्या कचेरीत माजी सैनिकांची अपिलं लिहून देणारा, तोही जुना शिपाईच, म्हणतो की नवा पुरावा जोडून नोव्हेंबरच्या आत अपील गेलं पाहिजे. नंतर हे दार बंद होतं.

पदवीचं मी या पत्रात काढणार नव्हते, पण काढते. बाबा गेल्यावर कुळाने त्यांची मानकऱ्याची पदवी पेनीला दिली, तुला नाही. तू कोर्टात गेलास, हरलास आणि विमानात बसलास. सगळा गाव त्याला फुइमालाए म्हणतो, बाबांना म्हणायचा तसा. तुझी जीभ ते म्हणायला वळत नाही. नको म्हणूस. पेनी म्हण, गाढव म्हण, पण लिहून दे.

मोएलागी

फागातोआ
३० एप्रिल २०२३

लाफाएले,

पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस. तुमच्या चर्चमधल्या सिएनीने मला सगळं सांगितलं. तू ते गाडीत बसून वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस, आणि मग प्रार्थनेला आत आलास तेव्हा तुझा सूर लागत नव्हता. म्हणजे फाडलं नाहीस. एवढ्याने मी खूश होणारी नाही, पण झाले.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. मी तुला लिहिते आहे हे पेनीला ठाऊक नाही. त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही.

आता तपासणीचा तमाशा ऐक. होनोलुलूहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, अशा कितीतरी जणांना तपासायला. मी पेनीला बजावून पाठवलं होतं की दुखतं ते दुखतं म्हणून सांग. पण हा तर पाहुणी आली म्हणून कडक इस्त्रीचा लावालावा नेसून, पिकल्या पपयांची टोपली घेऊन गेला. बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय आज?" हा म्हणाला, "छान. देवाची कृपा." बाईंनी विचारलं, "दिवसभर काय करता?" तर याने पाठ ताठ केली आणि सांगितलं, "मी मानकरी आहे. दर सोमवारी बैठकीत बसतो. सकाळभर, मांडी घालून, आपल्या मानाच्या खांबाला टेकून."

तो घरी आल्यावर मी त्याच्या अंगावर ओरडले. "अरे, तुला दुखणं सांगायला पाठवलं होतं का थोरवी?"

"ती आपल्या बेटावर पाहुणी," तो म्हणाला. "पाहुणीपुढे रडगाणं गायचं?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं नाही. बाईंचा तरी काय दोष? त्यांनी ऐकलं ते लिहिलं.

खरं काय होतं ते मी रोज बघते. त्याची बायको गेल्यापासून त्याचं जेवणखाण माझ्याकडेच आहे, आणि सभेच्या घराला भिंती नाहीत, माझ्या चुलीपासून सगळं दिसतं. बैठक संपते, सगळे उठून जातात, आणि हा तिथेच बसून राहतो, जसं काही फार खोल विचार चाललाय. कोणी उरलं नाही की खांबाला मिठी मारतो आणि एकेक पाय हाताने सरळ करतो. मग उभा राहतो. घामाने सदरा भिजलेला असतो. गेल्या महिन्यात अळूच्या मळ्यात पडला. पायात चप्पल नव्हती आणि नाही हे त्याला कळलं नव्हतं. तळव्याला कापलं होतं, रक्त येत होतं, आणि तो मला म्हणतो, "हे कुणाचं?"

मला भीती वाटते, लाफाएले. लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहिते. डॉक्टर म्हणतो, उशीर केला तर पाय परत येणार नाहीत.

लिहून दे.

मोएलागी

फागातोआ
९ जुलै २०२३

लाफाएले,

तुझं उत्तर मिळालं. पाच महिन्यांनी चार ओळी. एक ओळ जास्त झाली.

साक्ष द्यायला तयार आहेस, ठीक. पण आधी पेनीने लिहून द्यायचं की त्याला बैठकीत बसवत नाही, आणि "ज्याला बसवत नाही त्याने जागा सोडावी." वा रे वा. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. तुला वाटलं असेल बहीण चुलीपाशी बसते, हिला काय कळणार. तो कागद तू घेणार, पदव्यांच्या कोर्टात जाणार आणि म्हणणार, बघा, मानकऱ्याला मांडी घालता येत नाही, नवा नेमा. अरे, मी तुझं ढुंगण धुतलंय. तुझ्या डोक्यात काय चालतं ते मला तुझ्या आधी कळतं.

आणि तू अडचण मात्र नेमकी पकडलीस, हे कबूल करते. अपिलात दुसरं कारण खोडायचं तर आम्हाला शपथेवर सांगावंच लागणार की त्याला बसवत नाही. तो कागद सरकारकडे गेला काय आणि तुझ्याकडे आला काय, बेटावर बातमी व्हायला वेळ लागत नाही.

मी तुझं पत्र पेनीला वाचून दाखवलं. चोरून पत्रव्यवहार केला म्हणून चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. पत्र माझ्या हातून घेऊन त्याने पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "बरोबरच म्हणतोय तो."

"काय बरोबर?"

"ज्याला बसवत नाही त्याने जागा सोडावी. बाबा शेवटच्या आजारातही बसले."

"बाबा ट्रकमधून दगडावर पडले नव्हते."

"अपील राहू दे, मोएलागी. मी बसेन. पाय जातील तेव्हा जातील."

ऐकलंस? तुझ्या एका ओळीने हे केलं. पाय गेले तरी चालतील, पण धाकट्याने लाज काढायला नको. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणाला बोलू? पण मी बोलले. मी त्याला म्हटलं, "बैठकीपुढे तू तुझ्या तोंडाने सांग. नाहीतर मी येते आणि सांगते."

"बैठकीत बाई येत नाही."

"आजवर आली नाही."

मी येईन हे त्याला माहीत आहे. तुलाही माहीत आहे.

एकदा बैठकीसमोर आपणहून सांगितलं की मग कोर्टात कुणी काय दाखवणार? पदवी राहील किंवा जाईल, ते गाव ठरवेल. गेली तर जाऊ दे. मला पदवी नको, मला भाऊ चालताना हवाय. दोन्ही भाऊ हवे आहेत, पण एकेक करून बघते.

मोएलागी

फागातोआ
२९ ऑगस्ट २०२३

लाफाएले,

काल बैठक झाली. सगळं सांगते, कारण तुला सिएनीकडून तिखटमीठ लावलेलं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

पेनी पंधरवडाभर आज सांगतो, उद्या सांगतो करत होता. परवा मी न बोलता चर्चला जायचा माझा पांढरा झगा इस्त्री करून दाराला टांगला. त्याने विचारलं, "उद्या सोमवार, हा कशाला?" मी म्हटलं, "बैठकीला यायचंय ना मला." रात्री तो जेवला नाही.

बैठकीच्या सुरुवातीची रीतीची आवा पिऊन झाली, गावच्या रस्त्याचं आणि डुकरांचं बोलणं झालं. आम्ही बायका मागच्या घरात बैठकीचं जेवण लावत होतो, पण हात थांबलेलेच होते. पेनीने खाकरून बोलायला सुरुवात केली. तो चांगला बोलतो हे तूही मान्य करशील. पण काल त्याने ना म्हणी वापरल्या, ना पूर्वजांची नावं घेतली. म्हणाला, "माझी एक लाज आहे. ती मी आज तुमच्यापुढे ठेवतो. मला मांडी घालून बसवत नाही. इराकमध्ये पाठ मोडली तेव्हापासून. मला पाय पसरायची परवानगी द्या, नाहीतर माझी जागा घ्या."

तुला आपली रीत माहीत आहे. आजारी माणसाने पायांवर चटई घेऊन पाय पसरले तर कोणी नाव ठेवत नाही. पण म्हातारे ओलोमुआ, गावात सगळ्यात थोर, ऐंशी पार केलेले, समोर मांडी घालून बसलेले असताना पन्नाशीच्या माणसाने त्यांच्याकडे पाय करायचे कसे? म्हणूनच आजवर कोणी मागितलं नाही.

ओलोमुआंनी विचारलं, "मग इतकी वर्षं कसा बसलास?"

"दात खाऊन."

"दर सोमवारी?"

"हो."

म्हातारे आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, झालं, गेली पदवी. मग ते म्हणाले, "मला माझा डावा पाय गेल्या नाताळापासून लागत नाही. घरून निघताना नातू मला मांडी घालून देतो आणि उचलून आणून ठेवतो. मला वाटलं, तुम्ही सगळे बसता, मी थोर, मी कसा पसरू?"

पलीकडच्या खांबाचे मानकरी, ते टूना कारखान्यात आयुष्यभर उभे राहिलेले, ते म्हणाले, "माझे दोन्ही गुडघे गेलेत. तुम्ही बसता म्हणून मी बसतो."

मग काय, एकेक तोंड उघडायला लागलं. कुणाची कंबर, कुणाचा घोटा, कुणाला व्हिएतनामपासूनचा छर्रा मांडीत. वर्षानुवर्षं सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी चालली होती. ओलोमुआंनी ओरडून सांगितलं, "चटई आणा फुइमालाएला." मी धावले, पण लागलीच म्हणाले, "एक मलाही." मग "इकडे एक", "इकडे दोन". आमच्याकडच्या चटया संपल्या. चर्चच्या हॉलमधून आणवल्या. तुला सांगते, लाफाएले, मी आयुष्यात असलं दृश्य पाहिलं नव्हतं: सगळा गाव चालवणारी माणसं, पायांवर चटया घेऊन, बाळंतिणींसारखी टेकून बसलेली, आणि चेहऱ्यांवर असं सुख की मला रडू आलं आणि हसूही.

कोणीतरी, नाव घेत नाही, तुझं काढलं. म्हणालं, टकोमाचा भाऊ म्हणतो ज्याला बसवत नाही त्याने जागा सोडावी. ओलोमुआ म्हणाले, "पदवी काय मांडीत असते का रे? त्याला कळवा, जागा रिकामी नाही. पाय तेवढे लांब झालेत."

बैठकीने एकमुखाने लिहून दिलं आहे की पेनीला मांडी घालून बसवत नाही, आणि इतकी वर्षं बसला तो केवळ रीत म्हणून बसला. सगळ्यांच्या सह्या आहेत. दुसरं कारण खोडलं गेलं. अपील सप्टेंबरात जाईल, सुनावणीही मागितली आहे.

आता तुझ्याकडे सौदा करायला काही उरलेलं नाही. जे पेनीकडून लिहून घ्यायचं होतं ते त्याने सगळ्या गावासमोर सांगितलं. आता तू साक्ष दिलीस तर ती फक्त तो तुझा भाऊ आहे म्हणून. तेवढं कारण पुरतं का बघ.

मोएलागी

फागातोआ
६ ऑक्टोबर २०२४

लाफाएले,

वर्ष झालं तरी तुझ्याकडून ओळ नाही. मी पण लिहिलं नाही. सांगण्यासारखं सांगून झालं होतं.

सुनावणी २२ ऑक्टोबरला आहे, आमच्या सकाळी, तुमच्या दुपारी. न्यायाधीशबाई वॉशिंग्टनमध्ये, आम्ही सुनियाच्या कचेरीत, पडद्यावर. साक्षीदार जगात कुठूनही येऊ शकतो. सुनिया तुझ्या फोनवर दुवा पाठवेल. नाव त्याने घालून ठेवलंय. मी घालायला सांगितलं.

पेनी आता काठी घेतो.

मोएलागी

फागातोआ
२३ ऑक्टोबर २०२४

लाफाएले,

साक्ष संपताच तू फोन बंद केलास. पुढे सुनियाच्या खोलीत काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते. आणि आधी काय झालं तेही लिहिते, कारण ते सांगताना मला बरं वाटतंय.

महिनाभर मी त्याची तालीम घेत होते. सकाळी कोको द्यायच्या आधी विचारायचं, "कसा आहेस?" तो "बरा" म्हणाला की पेला मागे. शेवटी शेवटी तो नीट सांगायला लागला: "कंबरेतून आग होते, डावा पाय लागत नाही, रात्री झोप नाही." मी म्हणायचे, "शाबास, घे कोको." मला वाटलं, तयार झाला.

पडद्यावर न्यायाधीशबाई आल्या, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "सुप्रभात. कसे आहात आज?"

आणि हा बैल म्हणाला, "छान, बाईसाहेब. देवाची कृपा."

सुनियाने डोळे मिटले. मी टेबलाखालून लाथ मारली, तर ती त्याच्या बधिर पायाला लागली. त्याला कळलंसुद्धा नाही. पडद्यावर तुझी चौकट अजून काळीच होती. नाव होतं, माणूस नव्हता. मला वाटलं, इथेच संपलं सगळं.

आणि मग तू उजळलास. गोदामाच्या त्या पिवळ्या जाकिटात, मागे खोकी, डोक्याला टक्कल. तुला टक्कल पडलंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सिएनीनेही नाही. तू बाईंना नमस्कार केला नाहीस. आपल्या भाषेत म्हणालास, "फुइमालाए, बाईंना खरं सांग."

बाईंनी विचारलं, "फुइमालाए कोण? कागदात हे नाव नाही."

तू म्हणालास, "माझा भाऊ. तुमच्यासमोर बसलाय तो. त्याचं नाव आहे ते. गावात सगळे त्याला तसंच म्हणतात."

पेनीने काठी दोन्ही हातांनी धरली होती. मग तो बोलला. सगळं बोलला, माझ्या कोकोच्या तालमीपेक्षा जास्त बोलला. चपलेचंसुद्धा सांगितलं, जे मला वाटलं होतं तो मेला तरी सांगणार नाही. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

मग तुला विचारलं, की तुम्ही डॉक्टर नाही, मग तुम्हाला काय कळलं? तू म्हणालास, "मला नावं माहीत नाहीत. मी रोज संध्याकाळी चोळायचो. कंबरेच्या वर, डाव्या बाजूला, अंगठा ठेवला की तो श्वास धरायचा. पहिल्या दिवशी धरला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशीही धरला. मी त्याला म्हटलं होतं, डॉक्टरकडे जा. तो म्हणाला, तू आहेस ना." आणि पुढे "मी होतो," म्हणालास.

बाईंनी आभार मानले, आणि तुझी चौकट काळी झाली.

इकडे सुनिया कागद गोळा करायला लागला. पेनी उठला नाही. मी म्हटलं, "चल, बस चुकेल." तो म्हणाला, "त्याने मला काय हाक मारली?"

"ऐकलंस ना."

"तू सांग."

मी सांगितलं. त्याने परत विचारलं, मी परत सांगितलं. मग त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठला. बसमध्ये आम्ही दोघं सगळ्या वाटेने रडत होतो, आणि ड्रायव्हरने गाणी बंद केली, त्याला वाटलं आमच्यात कोणी गेलंय.

निकाल काय लागेल मला माहीत नाही. लागेल तो लागेल. नाही लागला तर मी पुढच्या कोर्टात जाईन, सुनिया म्हणतो वरही एक आहे. पण तू आलास, आणि मी तुला आता शिव्या देणार नाही. निदान नाताळापर्यंत.

मोएलागी

फागातोआ
१६ फेब्रुवारी २०२५

लाफाएले,

मान्य झालं.

पाकीट गेल्या महिन्यात आलं, पण शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत लिहायची थांबले. पेनीने उघडलं नाही. जेवून, भांडी होऊन, म्हणाला, "तूच वाच." मी इंग्रजीतून वाचायला लागले तर म्हणाला, "आपल्या भाषेत." जमेल तसं केलं. पाठीची इजा नोकरीतलीच, असं स्पष्ट लिहिलं आहे. गावच्या बैठकीचा कागद त्यांनी मानला. आणि तुझ्याविषयी एक वाक्य आहे: साक्षीदार विश्वासार्ह आहे, आणि सेवाकाळात अर्जदारावर त्याच्या भावाने उपचार केले. सरकारी कागदावर छापून. पेनीने ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. बाकीच्या पानांत काय आहे हे त्याने अजून विचारलेलं नाही.

पायांच्या बधिरपणाचं मात्र वेगळं प्रकरण करून ठेवलंय. तो पाठीमुळेच आला हे पुन्हा सिद्ध करा म्हणतात. सुनिया दमला, म्हणाला, "बाई, जरा थांबा, मोठं तर मिळालं." मी त्याला म्हटलं, नस एक आणि पाय दुसऱ्याचे का? लावालावा खोचून बसले आहे. तो कागदही जाईल.

शस्त्रक्रिया एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, होनोलुलूला. परवा तिथून नर्सचा फोन आला होता. मी शेजारीच होते. तिने पेनीला सांगितलं की नंतर काही आठवडे तिथेच राहावं लागेल, रोज कोणीतरी हाताला धरून चालवायला हवं, पाय चोळायला हवेत. सोबत कोण असेल? नसेल तर दवाखाना एक बाई नेमून देतो.

पेनी म्हणाला, "नको. माझा माणूस आहे. टकोमात असतो." आणि तुझं पूर्ण नाव, तुझा फोन, सगळं अक्षर अक्षर सांगून लिहून घ्यायला लावलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अरे, त्याला काही कामधंदा आहे का नाही? आधी विचारायचं तरी."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मीच खुळी.

"भावाला काय विचारायचं?" म्हणाला.

मोएलागी